सतरा अंकी संख्या काय शिकवते?

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वर्धापनदिनाला बोला, असे समितीने सांगितले तेव्हा आम्ही विचारले, विषय कोणता? समिती म्हणाली, तुम्ही विहारात रविवारचा अभ्यासवर्ग चालवता, त्यातलाच एखादा घ्या. आम्ही म्हणालो, मग गणितावर बोलतो. त्यावर दोन-तीन जण हसले. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "अहो, जेवणाच्या आधी गणित नको, लोक उठून जातील." तेव्हा पहिली विनंती अशी की कुणी उठू नका. आज आम्ही सगळे गणित सांगणार नाही. फक्त एक संख्या सांगणार आहोत. बालवाडीतला फळा मुद्दाम आणून ठेवला आहे. त्यावर ती संख्या लिहितो.

१२३४५६७८९८७६५४३२१

मोजून घ्या, सतरा अंक आहेत. डावीकडून वाचा, उजवीकडून वाचा, सारखीच. लहानपणी आपण "चिमा काय कामाची" हे उलटसुलट वाचायचो ना, तसेच. एकपासून नऊपर्यंत चढायचे आणि पुन्हा एकपर्यंत उतरायचे. जणू डोंगरच.

आता ही संख्या वाचून कोण दाखवतो? आपली सवय लाख-कोटीपर्यंतची. त्या सवयीने वाचायचे तर १२३ कोटी ४५ लाख ६७ हजार ८९८ इतके कोटी, आणि वर ७६ लाख ५४ हजार ३२१. कोटींचेही कोटी! ती केवढी मोठी, हे वेगळ्या रीतीने सांगतो. समजा, सेकंदाला एक या वेगाने कुणी मोजायला बसला. झोपला नाही, जेवला नाही, नुसता मोजत राहिला. वर्षाला साधारण तीन कोटी पंधरा लाख सेकंद होतात. तर इथपर्यंत पोचायला त्याला सुमारे ३९ कोटी वर्षे लागतील. माणसाला अक्षर लिहिता येऊ लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली, हे लक्षात घ्या.

एवढी अवाढव्य संख्या आपल्यासारख्यांच्या काय कामाची, असे वाटेल. पण गंमत अशी की ती बनवायला सातवीतल्या मुलालाही एक वही आणि एक पेन्सिल पुरते.

११ ला ११ ने गुणा. १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा. १२३२१ येतात. ११११ ला ११११ ने गुणा, १२३४३२१. असे एक-एक वाढवत नऊ वेळा एक घ्या, म्हणजे १११११११११, आणि त्याला त्यानेच गुणा. फळ्यावरची संख्या हजर!

असे का होते? जादू नाही. शाळेत गुणाकार मांडतो तसा मांडून बघा. पहिल्या ओळीत १११. दुसऱ्या ओळीत तेच १११, पण एक घर डावीकडे सरकून. तिसऱ्या ओळीत आणखी एक घर सरकून. जिन्याच्या पायऱ्यांसारखी मांडणी होते. आता उभी बेरीज करा. उजव्या टोकाच्या घरात एकच १ आहे, पुढच्या घरात दोन, मधल्या घरात तीन, मग पुन्हा दोन, मग एक. म्हणून १२३२१. नऊ ओळी मांडल्या की मधल्या घरात नऊ एकक जमतात, म्हणून मधला आकडा ९. प्रत्येक घरात किती १ पडले एवढेच मोजायचे. घरी गेल्यावर जरूर करून बघा.

या संख्यांवर ज्यांनी जीव लावला, ते आपल्याच बाजूचे. आपल्या विरार स्टेशनातून डहाणूची गाडी पकडा. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव आणि मग डहाणू रोड. त्या डहाणूला १७ जानेवारी १९०५ रोजी दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म झाला. तेव्हा तो ठाणे जिल्हा होता. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, म्हणजे आजच्या हिशेबाने ते आपल्या जिल्ह्याचे. वडील कारकून. आई कापरेकर आठ वर्षांचे असतानाच गेली. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. १९२९ साली पदवी घेतली, आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर म्हणून नोकरी केली. पदवीच्या पुढे त्यांचे गणिताचे औपचारिक शिक्षण झाले नाही. कुठल्या विद्यापीठात ते प्राध्यापक नव्हते. पुस्तिका बऱ्याचदा स्वतःच छापून काढायचे. पुष्कळ विद्वानांना ते आकड्यांचे खेळ वाटले, त्यांनी फारसे लक्ष दिले नाही. पण १९७५ साली अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी कापरेकरांवर लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर गेले. १९८६ साली त्यांचे निधन झाले.

१, १२१, १२३२१ या रांगेला कापरेकरांनी 'अद्भुत डेमलो संख्या' म्हटले. डेमलो हे एका रेल्वे स्टेशनचे नाव. त्या वेळच्या जी. आय. पी. रेल्वेवर मुंबईपासून तीसेक मैलांवर हे स्टेशन होते, आजचे डोंबिवली ते हेच असे सांगतात. तिथे त्यांना या प्रकारच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून नाव डेमलो. आपण लोकलमध्ये रोज किती तास घालवतो! फलाटावर गाडीची वाट बघताना माणूस काय काय विचार करू शकतो, त्याचे हे उदाहरण आहे.

आता फळ्यावरच्या संख्येचे गुण बघू. तिच्या सगळ्या अंकांची बेरीज करा. ८१ येते. ८१ म्हणजे नऊ नव्वे. आणि संख्या कशी झाली होती? नऊ एककांचा वर्ग. त्या आधीच्या संख्यांचेही तसेच. १२१ च्या अंकांची बेरीज ४, १२३२१ ची ९, १२३४३२१ ची १६. प्रत्येक वेळी वर्गसंख्याच.

पुढचा गुण. या सतरा अंकी संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने, म्हणजे ८१ ने भागा. बाकी शून्य उरते. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि हा भागाकारही पुन्हा एक वर्गच आहे, १२३४५६७९ चा. जिला स्वतःच्या अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, अशा संख्येला कापरेकरांनी 'हर्षद' हे नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. १८ घ्या, एक आणि आठ नऊ, अठराला नवाने भाग जातो, म्हणून १८ हर्षद. म्हणजे फळ्यावरची संख्या डेमलोही आहे आणि हर्षदही आहे. एकाच मास्तरांच्या दोन कल्पना एकाच संख्येत येऊन भेटल्या. पहिल्या नऊ डेमलोंपैकी असे फक्त तिघींच्याच बाबतीत होते: एका एककाची, तीन एककांची आणि ही नऊ एककांची.

आणखी एक. एवढी मोठी संख्या, पण तिच्या पोटात मूळ संख्या किती? फक्त तीन. ३, ३७ आणि ३३३६६७. तीन हा चार वेळा, बाकीच्या दोन-दोन वेळा. या तिघींचा गुणाकार केला की संपूर्ण संख्या उभी राहते. बाहेरून डोंगर दिसतो, आत तीनच दगड.

कुणी म्हणेल, विहारात हे कशाला? तर मोठ्या संख्यांशी आपले नाते जुने आहे. 'ललितविस्तर' हा बौद्ध संस्कृत ग्रंथ आपण ऐकून असाल. त्यात सिद्धार्थ कुमाराच्या विवाहाच्या वेळी त्याची परीक्षा घेतल्याची कथा येते. अर्जुन नावाचा गणिती (महाभारतातला नव्हे) कुमाराला विचारतो, कोटीच्या पुढच्या संख्या सांग. कुमार दर वेळी शंभराने वाढवत नावे सांगतो. शंभर कोटी म्हणजे अयुत, शंभर अयुत म्हणजे नियुत, पुढे कंकर, पुढे विवर, आणि असे जात जात तल्लक्षणापर्यंत. तल्लक्षण म्हणजे एकावर त्रेपन्न शून्ये. हा इतिहास म्हणून घ्यायचा नाही, ही कथा आहे. पण ज्यांनी ही कथा रचली, त्यांना मोठी संख्या पायरीपायरीने कशी चढायची हे पक्के ठाऊक होते. त्या नावांनी आपली संख्या वाचून बघा: १२ विवर, ३४ कंकर, ५६ नियुत, ७८ अयुत, ९८ कोटी, ७६ लाख, ५४ हजार ३२१. किती सरळ वाचता आली! नाव हातात असले की मोठेपणाची भीती जाते.

दुसरे नाते अगदी आपल्या दारातले. नालासोपाऱ्याचा स्तूप आपण सगळे जाणतो. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तिथे उत्खनन केले. याच भगवानलालांनी त्याआधी जुन्नरजवळच्या नाणेघाटातल्या सातवाहन लेखातले आकडे अभ्यासले होते. त्या लेखात यज्ञाच्या दक्षिणेत दिलेल्या गाई आणि कार्षापणे आकड्यांत नोंदलेली आहेत. तिथे दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. शून्य नाही आणि घरावरून किंमत ठरण्याची रीतही नाही. त्या रीतीने फळ्यावरची संख्या लिहायला बसलो तर प्रत्येक मोठ्या स्थानासाठी नवी खूण शोधावी लागेल. आज आपल्याला दहाच खुणा पुरतात, कारण आकडा कोणत्या घरात बसला यावर त्याची किंमत ठरते. मघाचा जिना मांडता आला तो या रीतीमुळेच.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. ती आमच्या फजितीची आहे.

अभ्यासवर्गात आम्ही ही संख्या फळ्यावर मांडली. मुले खूश झाली. तेवढ्यात सातवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, दहा वेळा एक घेतले तर?" आम्ही क्षणाचाही विचार न करता सांगितले, "सोपं आहे. नऊच्या पुढे दहा येणार. १२३४५६७८९१० आणि मग उतरायचे." शेजारी बसलेल्या दोन पालकांनीही मान हलवली. नऊ वेळा तसे झाले, दहाव्या वेळी वेगळे कशाला होईल?

ती मुलगी काही बोलली नाही. वहीची दोन पाने जोडून तिने दहा ओळींचा जिना मांडला, उभ्या रेघा आखल्या आणि बेरीज केली. पुढच्या रविवारी वही आमच्यासमोर ठेवली. उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. आम्ही तपासले. तिचेच बरोबर होते.

काय झाले ते बघा. मधल्या घरात दहा एकक जमले. पण एका घरात नऊच्या वर मावत नाही. शून्य ठेवून एक हातचा डावीकडे गेला. तिथे आधीच नऊ होते, त्याचे दहा झाले, पुन्हा शून्य ठेवून एक पुढे. तिथे आठाचे नऊ झाले. म्हणून चढणीवरचा आठच गायब झाला आणि माथ्यावर दोन शून्ये येऊन बसली. डोंगर मोडला. उलटसुलट सारखे वाचणे संपले. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली. हर्षदपणाही गेला, कारण संख्या विषम आहे आणि ८२ सम, तेव्हा पूर्ण भाग जाणारच नाही. एका हातच्याने सगळे गुण गेले.

आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली. पण त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही, आणि त्याचे कारण दुसरे होते. ते आज सांगून टाकतो, कारण इथे बसलेल्या काही घरांना त्याची झळ लागली आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत एक साखळी योजना आली होती. पैसे भरा, तीन नवे सभासद आणा, त्यांनी प्रत्येकी तीन आणायचे, आणि तुम्हाला घरबसल्या रक्कम मिळत राहणार. योजनेचे नाव घेत नाही. सुरुवातीच्या लोकांना पैसे खरोखर मिळाले. एकाला मिळाले, दुसऱ्याला मिळाले, पाचव्याला मिळाले. आम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि स्वतः पैसे भरले. एवढ्यावर थांबलो असतो तर नुकसान आमचेच झाले असते. पण आम्ही तीन घरांत जाऊन सांगितले, "भरा, आम्ही बघितलं आहे, मिळतात." त्यातल्या एका ताईंनी मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे भरले. मग एक दिवस पैसे यायचे थांबले, आणि योजनेच्या जागेला कुलूप लागले. ताई आजही भेटल्या की जय भीम घालतात, एका शब्दाने बोलल्या नाहीत. ते न बोलणेच आम्हाला जास्त लागते.

आमची चूक काय होती? लोभ होता, ते खरे. पण गणिताचीही चूक होती, आणि ती फळ्यावर केलेल्या चुकीसारखीच. काही वेळा खरे ठरले म्हणून पुढेही खरे ठरेल असे धरून चाललो. त्या दिवशी पाच मिनिटे पेन्सिल हातात घेतली असती तरी पुरले असते. एकाने तीन आणायचे. पहिल्या पायरीला ३, दुसऱ्या पायरीला ९, तिसऱ्या पायरीला २७. इथपर्यंत छान वाटते. दहाव्या पायरीला ५९,०४९. तेराव्या पायरीला १५,९४,३२३ नवे सभासद लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या थोडी वर होती. तान्ह्या पोरांसकट सगळे शहर सभासद केले तरी तेरावी पायरी भरत नाही! एकविसाव्या पायरीला १,०४६ कोटींहून जास्त माणसे हवीत. तेवढी माणसे पृथ्वीवरच नाहीत. म्हणजे ती योजना कुणी लबाडी केली म्हणून बुडाली एवढेच नव्हे. प्रामाणिक माणसाने चालवली असती तरी ती बुडणारच होती. घरात जागा संपली की हातचा जातोच. फक्त इथे तो गरिबाच्या खिशातून गेला.

मग विश्वास ठेवायचा तरी कशावर? याचेही उत्तर कापरेकर मास्तरांकडे आहे. त्यांची सर्वांत प्रसिद्ध संख्या ६१७४. कोणताही चार अंकी आकडा घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. मध्ये उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ वर पोचता, आणि मग तिथेच राहता. इथे 'नेहमी' हा शब्द वापरायला हरकत नाही, कारण चार अंकी संख्या दहा हजारांच्या आतच आहेत आणि त्या सगळ्या तपासून झालेल्या आहेत. एकही सुटत नाही.

म्हणजे दोन प्रकार झाले. एक, सगळेच्या सगळे तपासले, किंवा असे का होते ते कारण समजले. दुसरा, चार-आठ वेळा झालेले पाहिले आणि मान हलवली. कालाम सुत्ताचा उपदेश आपण या विहारात कितीदा ऐकला आहे. ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः तपासा. आम्ही तो ऐकला, इतरांना समजावूनही सांगितला. आणि पैसे भरायच्या दिवशी विसरलो. सातवीतल्या मुलीने मात्र तो पाळला. सरांनी सांगितले म्हणून तिने मानले नाही.

आता पालकांना दोन शब्द. "आमच्या घरात कुणाला गणित येत नाही" हे वाक्य आपण मुलांसमोर फार सहज बोलतो. कृपा करून ते बंद करा. मूल ते ऐकते आणि खरे मानते. डहाणूच्या कारकुनाच्या मुलाने पेन्सिल-कागदावर जे केले ते करायला मोठे घर लागत नाही, महागडा क्लास लागत नाही. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला तो १९२३ साली लंडनहून प्रसिद्ध झाला. तो आकड्यांच्या अभ्यासाशिवाय लिहिता आला असता का? आपल्याला फसवणारा माणूस बहुधा आकडेच पुढे करतो. कर्जाचा हप्ता असो, बिल्डरचा करार असो, भिशी असो, आकडा आपल्याला वाचता आला पाहिजे.

म्हणून आजपासून आमच्या वर्गात एक नवी रीत सुरू करतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मोठ्यांनीही यायचे. ज्यांच्यापुढे कुणी योजना, हप्ता किंवा व्याजाचा कागद ठेवला असेल, त्यांनी तो सही करण्याआधी घेऊन यायचे. फळ्यावर मांडू, पायरीपायरीने बघू. गणित मुलेच करतील, आम्ही फक्त तपासू. ज्या ताईंचे पैसे आमच्या शब्दावर गेले, त्यांची आम्ही इथे सर्वांसमोर क्षमा मागतो. आमच्या वाटणीची रक्कम आम्ही थोडी थोडी परत करत आहोत, ती पूर्ण करू.

जेवणाची वेळ झाली आहे, स्वयंपाकघरातून वासही येतो आहे, तेव्हा जास्त ताणत नाही. फळा पुसू नका, एवढी विनंती. जाता जाता मुलांनी ती संख्या वहीत उतरवून घ्यावी. घरी जिना मांडावा, नऊ ओळींचा आणि मग दहा ओळींचा. आम्ही सांगितले म्हणून मानू नका, करून बघा. आमची आणखी एखादी चूक सापडली तर रविवारी येऊन सांगा.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवतो. नमो बुद्धाय. जय भीम.